तळ दिसतोय

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक पोहण्याचा तलाव व्हायचा आहे आणि त्याचा आराखडा मी काढते आहे. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं, तेच गाळून पुन्हा पुन्हा वापरायचं, गाळणी धुतलेलं पाणी झाडांना सोडायचं, असं सगळं बसवत आणलं आहे. काल आत्या जेवायला आली होती. तिला मी कॉम्प्युटरवर तलावाचं चित्र दाखवलं. बराच वेळ पाहून ती हळूच म्हणाली, "तळ दिसतोय गं."

पाणी नितळ असलं की तळ दिसायचाच. पण आमच्या दुष्काळी भागात ही चांगली बातमी नसते. विहिरीचा तळ दिसला की बायका हंडे घेऊन लांबची वाट धरतात आणि घराघरांतलं बोलणं कमी होतं. पाणी जितकं काळं दिसेल तितकं आम्हाला निर्धास्त वाटतं. वर्ष त्या काळोखावर निघणार असतं.

मला वाटलं, निळ्याऐवजी गडद फरशी घ्यावी.

"झाकू का तळ, आत्या?"

"नको," ती म्हणाली. "दिसू दे. पोरं पोहणार ना तिथं?"

तेव्हा मला तिचा सुभाष आठवला, माझा आतेभाऊ. तो विहिरीत सापडेपर्यंत संध्याकाळ झाली होती. त्या वर्षी विहीर काठोकाठ भरली, म्हणून आत्यानंच तिची ओटी भरली होती.