घाटात वाजलेली थाप

सन १९८७. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला गाडीतून खाली उतरवणारा माणूस होतो. थट्टा नाही — एकाला खरंच इटारसीच्या नाक्यावर उतरवलं होतं. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. या ग्रुपवर लोक लिहितात... पांढरी साडी, उलटे पाय... मी वाचतो आणि सोडून देतो. माझ्याकडे साडीबिडी काही नाही. फक्त एक आवाज आहे.

माझं शिक्षण चौथी. लिहिलंय मी, मोबाईलवर उतरवलंय सुनेने. तिला बजावलंय, शब्द बदलायचा नाही.

भोपाळला मोठ्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायचो. मी मूळचा कराडकडचा. कारखान्याच्या ट्रान्सपोर्टमध्ये जड गाडीवर ड्रायव्हर. वजनी माल घाटातून न्यायचा असला की साहेब माझंच नाव घ्यायचे. का घ्यायचे ते सांगतो. मी उतारावर ब्रेकला पाय लावत नसे. ज्या गियरमध्ये गाडी चढ चढेल, त्याच गियरमध्ये उतार उतरायचा — हा आमच्या उस्तादांचा नियम. इंजिनानेच गाडी धरून ठेवायची. बाकीचे पोरगे डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडायचे आणि मग ब्रेक दाबत बसायचे. ड्रम तापतो, ब्रेक लागेनासा होतो आणि गाडी दरीत जाते. मला ते ‘बैलगाडीवाला’ म्हणायचे. म्हणोत. त्यांच्यातले दोघे घाटातच गेले.

माझ्याबरोबर खलासी, म्हणजे क्लीनर, होता मुन्नालाल. सीहोरकडचा, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, तरी मला उस्तादच म्हणायचा. भोपाळातच सोनागिरीत भाड्याच्या खोलीत राहायचा. जड माल असला की उतारावर तो मागच्या चाकाशेजारून पायी चालायचा, हातात दोरी बांधलेला लाकडी गुटका. गाडी सुटायला लागली तर तो गुटका चाकापुढे टाकायचा. म्हणजे ब्रेक गेला तर गाडी, माल आणि मी, सगळं त्या एका लाकडावर.

आणि आमची बोली थापेची. गाडीच्या फळीवर एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. एक थाप पडली की विचारायचं नाही, थांबायचं. मुन्नालालच्या हातात पोलादी कडं होतं, त्यामुळे त्याची थाप वेगळी ओळखू यायची. आधी फळीचा ‘धप्’ आणि मागून कड्याचा ‘टण्’. हजार गाड्यांत मी ती ओळखली असती.

त्या खेपेला आम्ही नागपूरकडून एक बिघडलेला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीसाठी भोपाळला परत आणत होतो. बैतूल सोडलं की पुढे घाट उतरतो, सागाच्या जंगलातून. दुपारची वेळ, लख्ख ऊन. घाटाच्या तोंडाशी थांबून मी चाकं बघितली, दोर आणि साखळ्या ओढून बघितल्या. मुन्नालाल गुटका घेऊन खाली उतरला.

‘‘उस्ताद, धीरे चलना. आज चप्पल भी नई है, काटती है.’’

‘‘चप्पल घरी ठेवून यायचं, नवरदेवा,’’ मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्याला मराठी सगळं कळायचं.

‘‘घर पे आपकी भाभी पहन लेती हैं!’’

त्याने दोन थापा मारल्या. त्या खेपेतल्या त्या पहिल्याच, पण कशा वाजल्या याकडे लक्ष गेलं नाही. मी पहिला गियर टाकला आणि निघालो.

अर्धा घाट उतरलो असेन. गाडी माणसाच्या चालीने खाली चाललेली, इंजिन घोंगावतंय, माझा पाय ब्रेकपासून लांब. आणि थाप वाजली. एक.

धप्... टण्.

एक थाप म्हणजे थांबायचं, पण भरलेली गाडी उतारावर मधेच थांबवायची नाही, हाही माझाच नियम. मी आरशात बघितलं. आरशात नुसता माल आणि रस्त्याकडेची धूळ. वाटलं, मुन्नालाल चाकाच्या आतल्या बाजूला असेल. पुन्हा वाजली, या वेळी जोरात. अगदी माझ्या पाठीमागच्या फळीवर.

मग नियम बाजूला. पुढची चाकं डोंगराच्या बाजूला वळवली आणि ब्रेक दाबला. पेडल निम्म्याच्या खाली गेलं आणि मग पकडलं. जे पेडल दोन बोटंही खाली जायला नको, ते निम्म्याच्या खाली! पुन्हा दाबलं, तर पार तळाला टेकलं. गाडीचं नाक मातीच्या भिंतीला घासून थांबलं. केबिनमधला दुसरा गुटका घेऊन मी उडी मारली आणि चाकापुढे ठोकला. मागच्या चाकाच्या आतून ब्रेक ऑइल गळत होतं. नळी फुटली होती. आणि मी ब्रेकला पायच लावत नसल्यामुळे मला ते कळलंच नव्हतं.

‘‘मुन्नालाल!’’ मी ओरडलो. कुणी नाही. गाडीला फेरी मारली. कुणी नाही.

थोड्या वेळाने वरच्या वळणावरून मुन्नालाल लंगडत आला. एका हातात गुटका, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल.

‘‘अरे उस्ताद, हमें छोड़ के भाग लिए! कब से चिल्ला रहा हूँ!’’

‘‘थाप कुणी मारली?’’

‘‘कौन सी थाप?’’

‘‘आत्ता. दोनदा वाजली, एक-एक. तुझ्या कड्याची.’’

मग त्याने शर्टाची बाही वर केली. मनगट मोकळं. कड्याच्या जागी नुसता पांढरा वळ.

‘‘कड़ा तो निकलने से पहले ही कटवा दिया, उस्ताद. ततैया ने काटा था, हाथ सूज गया था. वर्कशॉप में आरी से कटवाया. घर पे पड़ा है, दो टुकड़े.’’

ततैया म्हणजे आपली गांधीलमाशी. मी पुढचं वळण चालत जाऊन बघितलं. तिथे एक एस.टी. रस्त्यात आडवी बंद पडलेली. प्रवासी उतरून रस्त्यातच सावलीला बसलेले, बायका पोरांना पुऱ्या भरवत होत्या. एक म्हातारा मला म्हणाला, ‘‘भैया, माचिस है क्या?’’ मी दिली.

आता लोक समजावतात. सून म्हणते, माल हलला असेल, साखळी आपटली असेल. मी नंतर साखळी आपटून बघितली. दगड मारून बघितला. तो आवाज आला नाही. भोपाळला परतल्यावर सोनागिरीला मुन्नालालच्या खोलीवर जाऊन कडं बघितलं. कोनाड्यात दोन तुकडे, कापलेल्या कडा अजून चमकत होत्या. मुन्नालाल म्हणाला, देवीने वाचवलं. मी म्हणालो, देवीला माझ्या गाडीची बोली कुणी शिकवली? उगाच एखादं उत्तर मी तयार करणार नाही.

घाटात त्या संध्याकाळी इटारसीहून मिस्त्री आला, नळी बदलली, रात्र आम्ही तिथेच काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी सुरू केली. मुन्नालाल गुटका घेऊन मागे गेला, अनवाणीच. मागून दोन थापा आल्या. नुसती फळी, मागे ‘टण्’ नाही. मी गियर टाकला नाही. खाली उतरलो, गाडीच्या मागे चालत गेलो आणि थाप मारणारा तोच आहे हे डोळ्यांनी बघून आलो.

‘‘क्या हुआ उस्ताद?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो, आणि केबिनमध्ये चढून गियर टाकला.