जेठ जाऊ द्या

आमचं फाटक शेजारचे काकाजी पायानं ढकलायचे, कारण दोन्ही हातांत बादल्या असायच्या. "कूलरले पाणी पाजून घेतो, सूनबाई," एवढं सांगून ते सरळ बोळात शिरायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, तिथं यांचा बैल बांधलाय.

वऱ्हाडात उन्हाळा काढलेल्यांना वेगळं सांगायला नको. खोली तिथं कूलर, आणि कूलर बसायला खिडकी हवी. काकाजींची खिडकी आमच्या बोळात उघडायची. बोळ आमचा, खिडकी त्यांची. दोन्ही घरं सत्तर वर्षांपूर्वी एकाच गवंड्यानं बांधली, तेव्हाच हे तोंडी ठरलेलं. आत काकीजी अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्या खोलीला दुसरी खिडकी नव्हती.

आम्ही घर दुरुस्तीला काढलं ते माझ्या मोबाइलमुळे. व्हिडिओ पाहून पाहून मी इतकी हुशार झाले होते, की सामान यायच्या आधीच स्वयंपाकाचा जुना ओटा फोडून घेतला. मग यांनी थंडपणे विचारलं, "ओटा पाहिजे की संडास?" होत्या त्या पैशात दोन्ही होण्यासारखं नव्हतं. संडास परसाच्या टोकाला आणि सासूबाईंचे गुडघे पार गेलेले, त्यामुळे उत्तर ठरलेलंच होतं. घराला चिकटून बांधायला जागाही एकच होती. तो बोळ, म्हणजे काकाजींची खिडकी बुजणार.

काकाजींना सांगायचं कोणी? यांनी मला पाठवलं. मी पाटवड्यांचा डबा घेऊन गेले, उन्हावर बोलले, काकीजींची चौकशी केली आणि रिकामा डबा घेऊन परत आले.

शेवटी मिस्त्रीनंच सांगून टाकलं, तेही तोंड न उघडता. त्यानं बोळात चुन्याची फक्की टाकून भिंतीची रेघ आखली. कूलर रेघेच्या आत. काकाजी बादल्या घेऊन आले, थबकले, आणि रेघ पुसू नये म्हणून पाय उचलून पलीकडे गेले. आधी पाणी ओतलं. मग विचारलं.

"बाथरूम काढून राहिले का?"

"हो, काकाजी. आईंना आता परसात जाणं होत नाही."

"मंग बांधाच. वहिनीचे हाल मी पाह्यतो नं रोज." ते निघाले आणि फाटकाशी थांबले. "फक्त जेठ महिना जाऊ द्या, सूनबाई. तिले ऊन सोसत नाई."

मिस्त्रीनं बजावलं, आज उठलो तर पुन्हा कधी येईन ते माझ्या हातात नाही. हे माझ्याकडे पाहू लागले, मी फोडलेल्या ओट्याच्या ढिगाकडे. तेवढ्यात आतून सासूबाई बोलल्या, "माहे गुडघे कुठी पळून नाई चालले. जाऊ द्या जेठ."

मग आम्ही थांबलो. नुसतं थांबण्यानं माणूस इतकं दमतं, हे मला ठाऊक नव्हतं. गॅस हॉलमध्ये, भांडी पलंगाखाली, वरणात विटांची पूड. सासूबाईंना खांद्याचा आधार देऊन परसात नेता-आणताना दोघींचीही दमछाक व्हायची. बोळात तो कूलर घरघरत असायचा आणि मी मनात तिथी मोजायची. काकाजींना ते कळत असावं. दुसरी बादली ते पूर्ण ओतायचे नाहीत. उरलेलं पाणी परसापर्यंतच्या फरशीवर टाकत जायचे. "वहिनीचे पाय पोळतात," म्हणायचे. आणि स्वतः अनवाणीच.

काकीजी जेठातच गेल्या. तेरवी झाली. मुलगा अकोल्याला असायचा, तो काकाजींना सोबत न्यायला निघाला. सासूबाई म्हणाल्या, "भाऊजी, अकोला तं इथल्याहून तापते."

"तापू द्या," ते म्हणाले. "मले सोसते."

जायच्या आधी ते आमच्याकडे आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, मिस्त्रीले बोलवून घ्या.

"अजून जेठ संपला नाही, काकाजी."

"आता कोणासाठी थांबता?"

मिस्त्री भेटला. त्यानं आणि यांनी मिळून कूलर ओढून काढला. भिंतीत चौकोनी भोक उरलं. त्यातून पलीकडची खोली दिसत होती, गुंडाळलेली गादी आणि उघडी खाट. काकाजी तिथंच उभे होते. मिस्त्रीनं पहिली वीट पाण्यात बुडवून हातात घेतली.

"थांब रे जरासा," ते आतून म्हणाले.

ते ओलं फडकं घेऊन आले आणि खिडकीचा कट्टा पुसू लागले. वाळ्याच्या कुजक्या काड्या, चिखल, खाऱ्या पाण्याचा पांढरा थर. कोपऱ्यातलं निघेना, तिथं नखानं खरवडलं. फडकं पिळून आणलं, पुन्हा पुसलं. घटकाभरात विटांमागे जाणारी जागा ती. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, पाटीतला सिमेंटचा माल सुकत चालला होता. मी त्याला हातानंच खूण केली, थांब.