शीळमास्टरांचा पांढरा कोट

शीळमास्टरांच्या दुकानात कुणी पांढरं कापड घेऊन गेलं, तर ते त्याला हातसुद्धा लावत नसत. नुसती हनुवटी उडवून रस्त्यापलीकडचं दुकान दाखवत. पलीकडचेही शिंपीच, आणि तीस वर्षं दोघांचा एक न बोललेला करार होता: पांढरं, बदामी, फिकट गुलाबी तिकडे, काळं, निळं, तपकिरी इकडे. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय ही दोस्ती! खरं कारण शीळमास्टरांच्या तळहातांत होतं. त्यांना घाम यायचा. थोडाथोडका नाही, ऐन थंडीतही बोटांवरून पाणी ठिबकायचं. मांडीवर दोन टॉवेल घेऊन बसायचे आणि दर चार टाक्यांनी हात पुसायचे. गडद कापडावर ते खपून जायचं. पांढऱ्यावर मात्र प्रत्येक बोट आपला पिवळट शिक्का मारून मोकळं व्हायचं.

बाकी माणूस सुखी. दिवसभर शीळ घालत शिवायचे, म्हणून तर ते नाव पडलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या बायकोला शिळेवरून कळायचं खाली काय चाललंय ते. संथ शीळ म्हणजे कॉलर, भरभर म्हणजे सरळ शिवण, मध्येच तुटली म्हणजे गिऱ्हाईक आलं. लेक लहानपणी खेळायला गेली की तिला हाका मारायची गरज नसे. एक लांब शीळ घातली की गल्लीच्या टोकावरून धावत यायची.

तीच लेक आता जहाजावरची अधिकारी होणार होती. प्रशिक्षण संपत आलं होतं, समारंभ दीड महिन्यावर. गणवेश पांढराशुभ्र: उभी कॉलर, पुढे पाच बटणं, बाहीवर सोनेरी पट्टी. तो कुठूनही शिवून घ्यायची मुभा होती. सुट्टीत ती घरी आली आणि तिनं कापडाची गुंडाळी सरळ मशीनवर ठेवली.

"समोरच्या काकांकडे दे," मास्टर हात मागे लपवत म्हणाले.

"बाप शिंपी असताना शेजाऱ्याकडून शिवून घेऊ? बाबा, हा कोट तूच शिवायचास."

बापाला नाही म्हणता येईना आणि हो म्हणायची छाती होईना. तीस वर्षं जे जमलं नाही ते दीड महिन्यात जमवायचं होतं. दुसऱ्याच दिवशी ते दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि नीट समजावून सांगितलं, की घाम थांबेल, पण तोंड कोरडं पडेल, जवळचं थोडं अंधुक दिसेल, गरम जागी जपायला लागेल. मास्टरांच्या कानात फक्त पहिले दोन शब्द शिरले.

चौथ्या दिवशी हात खडखडीत कोरडे! मास्टरांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी अख्ख्या गल्लीशी हस्तांदोलन केलं, पोस्टमनशी तर दोनदा. घरी येऊन बायकोचा हात हातात घेतला, तर ती म्हणाली, "अहो, काय हवंय तुम्हाला?"

मग हळूहळू बाकीचं सुरू झालं. जीभ टाळ्याला चिकटू लागली. घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना. शीळ घालायला ओठ पुढे केले, तर नुसती फुस्स हवा. सगळ्यांत मोठी पंचाईत दोऱ्याची झाली. आजवर टोक ओठांत ओलं करून ते एका झटक्यात सुईत ओवत आले होते. आता टोकाच्या चिंध्या व्हायच्या आणि सुईचं नेढंही धूसर दिसायचं. मास्टर तणतणत सुई-दोऱ्याच्या दुकानदाराकडे गेले, "नेढी बुजलेल्या सुया विकता का हो?" दुकानदारानं त्यांच्यादेखत ओळीनं चार सुया ओवून दाखवल्या. मास्टर गुपचूप परत आले.

इकडे तीन दिवस शीळ नाही म्हणताना बायकोनं ठरवून टाकलं, की नवरा रागावलाय. ती आपले अपराध आठवत बसली. तिसऱ्या संध्याकाळी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "चुकलं माझं. तुमचं ते जुनं जाकीट मीच देऊन टाकलं."

जाकीट गेल्याचं मास्टरांना तेव्हा कळलं.

पण थट्टेवर थोडंच निभावतं? एका दुपारी इस्त्री करताना त्यांचं अंग तापलं. घाम येईना, डोकं गरगरलं आणि ते कपड्यांच्या ढिगातच मटकन बसले. बायकोनं पंखा लावला, मानेवर ओलं फडकं ठेवलं. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं म्हणत मास्टरांनी उठून ते पांढरं कापड पुन्हा गुंडाळलं. ते रस्त्यापलीकडे नेऊन द्यायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि तसं ठरवताना त्यांना फार वाईट वाटत होतं.

बायको दारात आडवी उभी राहिली. "आधी डॉक्टरांना विचारा. मग कुणाला काय द्यायचं ते द्या."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि गोळी निम्मी केली. वर तंबी दिली: इस्त्री सकाळच्या गारव्यात करायची, पाण्याची बाटली मशीनशेजारी हवी, बिनसाखरेचं च्युइंगगम चघळायचं. "आणि एखाद्या दिवशी नको वाटली, तर त्या दिवशी घेऊ नका. पण मनानं वाढवायची मात्र नाही."

निम्म्या गोळीनं कारभार निम्मानिम्मा झाला. हात दमट, पण ठिबकत नव्हते. तोंड कोरडं, पण घास उतरत होता. दोरा ओवायची बारीक तार मिळते, तीही आणली. डोळ्यांना चष्मा, मांडीवर टॉवेल, तोंडात च्युइंगगम, अशा थाटात मास्टरांनी कापडाला कात्री लावली. काजं हातानं केली. कॉलर तीनदा उसवून चौथ्यांदा मनासारखी उभी राहिली. शीळ मात्र अजून परतली नव्हती.

लेक कोट न्यायला यायच्या आदल्या दिवशी कॉलरचा शेवटचा टाका घालताना सुई बोटात घुसली. कॉलरच्या टोकाशी रक्ताचा एक लालभडक थेंब पडला.

शिंप्यांचा एक जुना नियम आहे: आपलं रक्त आपल्याच थुंकीनं जातं. पाणी लावलं तर डाग पसरतो, दुसऱ्याची थुंकी चालत नाही, आणि वाळायच्या आत पुसायचं. मास्टरांनी तोंड हलवलं. जीभ फिरवली. थुंकीचा पत्ता नाही.

"अगं, खाली ये!" ते ओरडले. ती ओरड रस्त्यापलीकडेही पोचली. बायको जिना उतरली आणि समोरचे मास्टर टेप गळ्यात तसाच ठेवून धावत आले. गोळ्यांनी मास्टरांचं तोंड कोरडं पडतं हे गल्लीभर ठाऊक होतं, त्यामुळे डाग बघताच त्यांना काही सांगावं लागलं नाही. "वहिनी, लिंबं आणा! आहेत तेवढी! मास्टर, तुम्ही चोखायचं नाही, आंबट रस कापडाला लागेल. नुसतं आमच्याकडे बघा!"

बायकोनं मास्टरांच्या नाकासमोर लिंबू कापलं. समोरच्या मास्टरांनी एक फोड उचलून करकचून चोखली. त्यांचा एक डोळा मिटला, मान वाकडी झाली, मिशा कानांकडे गेल्या. तरी गडी दुसरी फोड घेतो आहे! बायकोनंही एक तोंडात घातली आणि अशी थरथरली, की शीळमास्टरांना हसू फुटलं. हसता हसता गालाच्या आत कुठेतरी कळ आली आणि तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी पांढरा दोरा तोंडात घोळवून ओला केला आणि डागावर टेकवला. दोनदा, तीनदा. डाग फिका झाला. मग गेला.

समोरच्या मास्टरांनी कोट उजेडात धरून उलटसुलट पाहिला. लिंबानं आंबलेल्या तोंडानं म्हणाले, "तीस वर्षं पांढरं शिवतोय. एवढी ताठ कॉलर मला नाही जमली कधी."

समारंभाच्या सकाळी मास्टर अर्धी गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ बसले. घेतली, तर आज हात कोरडे राहतील, लेकीला बिनधास्त जवळ घेता येईल. पण मग तोंड कोरडं. शेवटी त्यांनी गोळी डबीत परत टाकली.

मैदानावर साठ जण एकसारख्या पांढऱ्या कोटांत पावलं टाकत आले. नजर समोर ठेवायची सक्त ताकीद होती. लेक समोरून जाऊ लागली तशी मास्टरांनी ओठ पुढे केले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जायची तीच लांब शीळ घातली. लेकीची मान हलली नाही. गालावर खळी मात्र पडली. मास्टरांना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती धावतच आली. मास्टरांनी ठिबकणारे हात चटकन पाठीमागे नेले. "लांबूनच बोल गं. डाग पडेल."

तिनं त्यांचा हात मागून ओढून काढला आणि आपल्या पांढऱ्या बाहीवर घट्ट दाबून धरला.

"पडू दे. साठ कोट एकत्र धुवायला जातात बाबा. माझा कुठला, ते मला ओळखता यायला नको?"