दुसऱ्याच्या आवाजात

कॅन्सर सेंटरमध्ये सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणत. बसमध्ये ‘पुढे सरका’ ओरडण्यात त्यांची उमर गेली आणि मग घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्रच काढावं लागलं. श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक उरलं. पण काका गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. हवा गिळायची, ढेकरासारखी वर आणायची आणि तिचे शब्द करायचे, हे ते घाम गाळून शिकले. पहिला शब्द निघाला तो ‘चहा’. काकू रुसल्या, “माझं नाव नाही आठवलं?”

“तुझं... लांब आहे,” काका म्हणाले.

पुढे तळमजल्यावरच्या खोलीत ते नव्या पेशंटना हेच शिकवू लागले.

त्या वर्षी सेंटरनं मोठा सप्ताह ठरवला. सकाळी डॉक्टरांची व्याख्यानं, संध्याकाळी देणगीदारांसाठी कार्यक्रम. काकांचं ऑपरेशन केलेले सर्जन आधीच येऊन म्हणाले होते, “काका, तुमच्यावर फिल्म करतोय. तुमची गोष्ट, तुमच्याच तोंडून.” काका कॅमेऱ्यापुढे दमेपर्यंत बोलले.

सप्ताहात एका व्याख्यानाला त्यांना व्यासपीठावर बोलावलं. बाहेरगावचे डॉक्टर पुढे झुकून ऐकत होते, पुन्हा बोलायला लावत होते. काका घरी आले ते छाती फुगवूनच.

शेवटच्या संध्याकाळी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून काकूंसोबत पहिल्या रांगेत बसले. दिवे मंद झाले. पडद्यावर काकांचा चेहरा आला, ओठ हलले आणि आवाज आला तो भरदार, गोड, कुणा परक्याचा. काकांना वाटलं, निवेदक असेल. पण तो आवाज म्हणत होता, ‘माझा घसा’, ‘माझी बायको’. फिल्म संपली तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

काकांनी वळून पाहिलं. काकू खाली मान घालून पदराशी चाळा करत होत्या.

“तुला... माहीत होतं?”

“दुसऱ्याचा आवाज घालू का, असं डॉक्टरांनी विचारलं, मी हो म्हटलं. तुम्ही काय म्हणता ते लोकांना कळायला नको?”

“तुला... कळतं ना?”

काकूंनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात सर्जन आले. “बघितलंत काका? लोक रडत होते.”

“कोणाच्या... आवाजानं?”

“अहो, भावना तर तुमच्याच होत्या.” त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी खोलीत एक शिवणकाम करणारी बाई आली. नुकतंच ऑपरेशन झालेली. तिनं पाटीवर लिहिलं, ‘मला फिल्ममधल्यासारखा आवाज येईल?’

“तो... माझा नाही,” काका म्हणाले. “हा... माझा.”

बाईचा चेहरा उतरला. पिशवी उचलून ती निघून गेली, ती परत आलीच नाही. हे मात्र काकांना फार लागलं. ते तडक सर्जनकडे गेले. माझा आवाज घाला, नाहीतर मला काढा, म्हणाले. “फिल्म सगळीकडे गेलीय काका. पुढच्या वर्षी बघू,” असं उत्तर मिळालं.

घरी त्यांनी बोलणंच टाकलं. काही दिवसांनी काकू स्वतःहून म्हणाल्या, “बाजारात तुम्ही बोललात की लोक वळून बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि अर्धं मला कळतही नाही. मी नुसती मान हलवते.”

एवढी वर्षं आपण स्वयंपाकघरात बसून मारलेल्या गप्पा काकांना एकेक करून आठवल्या. त्यांतल्या कुठल्या पोचल्या होत्या, कुणास ठाऊक.

काका अजून शिकवतात. नवा पेशंट आला की फिल्मबद्दल आधी स्वतःच सांगून टाकतात. घरी बोलतात ते कामापुरतं. काकू आता मान हलवत नाहीत, “काय म्हणालात?” असं विचारतात. काका कधी पुन्हा सांगतात. बऱ्याचदा मात्र “जाऊ दे” म्हणून उठतात.