तिळाचं तेल आणि रबराचे बूट

आप्पांना मोटार चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आणि तंजावुरातल्या रस्त्यांवरून छत्री घेऊन चालत फिरले. आई गेली त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि नंतर बोलायचेच बंद झाले. सकाळी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसत ते दुपारी जेवायला हाक मारली की उठत. मला ते बघवत नसे. पण माझा स्वभाव असा, की जे बघवत नाही त्यावर मी चिडतो. आई गेली यात त्यांचा काय दोष, पण मी त्यांच्याशी फटकून वागू लागलो.

साठ सालच्या आसपास मी एक जुनी, छोटी विलायती मोटार घेतली आणि भाड्यानं फिरवू लागलो. तिरुवैयारूला गाणं शिकायला जाणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया, ओरत्तनाडूच्या कचेरीत कामं असलेले शेतकरी, अशी माझी गिऱ्हाइकं. गाडी दारात आली त्या दिवशी आप्पा तिण्णैवरून उठले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हिला धुणार कोण?"

तेव्हापासून गाडी धुणं त्यांचं. काचा, दिवे, बसायच्या जागा, सगळं. शनिवारी सकाळी आधी स्वतःचं तेलन्हाण, मग गाडीचं. आमच्याकडे पुरुषांनी शनिवारी डोक्यापासून पायापर्यंत तिळाचं कोमट तेल चोळून, शिकेकाई लावून न्हायचं, ही रीत कुणी मोडत नाही. आप्पा न्हाऊन, टापटीप धोतर नेसून गाडीखाली आडवे व्हायचे. धोतराची वाट लागायची. माझी बायको कपाळाला हात लावायची, पण हसायची. घरात पुन्हा माणूस वावरू लागलं होतं ना.

गाडीखालचं त्यांना मीच शिकवलं. स्टीअरिंग फिरवलं की एक दात्यांची सळई डावी-उजवी सरकते आणि चाकं वळतात. त्या सळईच्या दोन्ही टोकांना रबराचे चुणीदार बूट असतात, भात्यासारखे. आत ग्रीस लावलेले दाते, बाहेर आमच्या रस्त्यांची वाळू. बूट फाटला की वाळू आत गेली, आणि वाळू आत गेली की दाते झिजले. म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचं, एकेक चुणी बोटानं उघडून भेग आहे का पाहायचं, टोकाची तार ढिली झाली असेल तर आवळायची. एवढंच काम. चित्रकलेच्या मास्तरांची बोटं ती; चुण्या अशा अलगद उघडायचे की मला लाज वाटायची. मूळचे विलायती बूट फाटल्यावर मिस्त्रीनं गावठी रबराचे बसवले होते, कारण परदेशी माल मिळणं बंद झालं होतं. ते उन्हानं लवकर कोरडे पडत.

एका शनिवारी मी गडबडीत होतो. दारात तिरुवैयारूची माणसं खोळंबलेली. आप्पा गाडीखालून म्हणाले, "अरे, हे चिरायला लागलंय. ऊन लागून आपलं अंग चिरतं तसंच. याला थोडं..."

"हो हो, बघा तुम्ही," मी म्हणालो. "जपा म्हणजे झालं."

पुढचं ऐकलंच नाही. त्यांना वाटलं मी परवानगी दिली.

पुढचे काही महिने बूट असे काळेभोर, मऊ आणि तुकतुकीत दिसायचे की मी गाडीतळावर इतर ड्रायव्हरांना सांगायचो, "बघा, आमच्या आप्पांचा हात." मूर्ख मी. का दिसतात तसे, हे एकदा वाकून विचारावं एवढी अक्कल नव्हती. आप्पा त्या दिवसांत खूप बोलायचे. जेवताना गाडीबद्दल विचारायचे, नदीवरच्या पुलांवर किती वाळू आहे ते विचारायचे. एकदा तर आईची एक आठवण काढून हसलेसुद्धा.

मग स्टीअरिंगमध्ये खडखड सुरू झाली. आधी थोडी, मग अशी की स्टीअरिंग हातभर फिरवल्यावर गाडी वळायची. मिस्त्रीनं गाडी खड्ड्यावर घेतली, खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात बुटाचा तुकडा होता. फुगून मेणासारखा झालेला. ओढला की तुटत होता. आत मुठीनं वाळू, आणि सळईचे दाते पार खाल्लेले.

त्यानं बोट हुंगलं. "नल्लेण्णै," तो तमिळमध्ये म्हणाला. तिळाचं तेल. मग माझ्याकडे बघून, धाकट्या भावाला हाक मारावी तसं, "तंबी, हे गावठी रबर. याला तिळाचं तेल म्हणजे विष. एरंडेल चोळलं असतं तरी वाचलं असतं. कुणी केलं?"

कुणी केलं हे मला त्याच क्षणी कळलं. आप्पा स्वतःला लावून वाटीत उरलेलं कोमट तेल, दर शनिवारी, चुणी चुणी उघडून. एरंडेल तर घरात होतंच, बायको दिव्याला वापरायची. पण आप्पा गाडीला हलकं तेल कसं लावणार? जे अंगाला तेच तिला.

मी चालत घरी आलो. वाटेत राग निवायला हवा होता, तो वाढला. आप्पा तिण्णैवर बसले होते. त्यांनी विचारलं, "गाडी कुठाय?"

जिभेला हाड नसतं. मी रस्त्यात उभं राहून, शेजारपाजार ऐकेल एवढ्या आवाजात सांगितलं, की गाडी मेली, तुम्ही मारलीत. तेल चोळून मारलीत. तुमचा हात लागेल त्याचं वाटोळं होतं. पुढचंही बोललो. म्हणालो, आईलाही असंच जपत होतात.

आप्पा उठून विहिरीकडे गेले आणि शिकेकाई घेऊन हात धूत बसले. मी आत गेलो, जेवलो. होय, जेवलो. ते तरीही धूत होते.

पुढे जे केलं ते बैल गेला नि झोपा केला यातलं. सायकलची ट्यूब कापून, शिवून बूट केला, आठवड्यात फाटला. मद्रासला दोनदा गेलो. तसल्या गाडीची सळई कुणाकडे नव्हती. जुन्या सळईवर गाडी पास करून घ्यायला नेली तर ब्रेक इन्स्पेक्टरनं, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या सरकारी साहेबानं, स्टीअरिंग एकदा हलवलं आणि नकाराची मान हलवली. बरोबरच होतं त्याचं. त्या गाडीत मी माझ्या माणसांनाही बसवलं नसतं. पावसाळाभर ती दारात उभी राहिली. आप्पा तिण्णैवर बसत, पण तिच्याकडे पाठ करून. शेवटी ती भंगारात गेली आणि मी एका भाताच्या गिरणीची लॉरी चालवू लागलो.

मी त्यांची माफी मागितली. तेव्हाच नाही, पुष्कळ दिवसांनी. "जाऊ दे," ते म्हणाले. ते दोन शब्द सोडले तर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. दुसरंही काही फारसं बोलले नाहीत. शनिवारचं तेलन्हाण त्यांनी सोडलं. बायको वाटी गरम करून ठेवायची, ती तशीच निवायची. सणाला तरी लावा म्हणून तिनं विनवलं, तर ते परसात निघून जायचे. तिला कारण माहीत होतं. मला तिनं कधी सुनावलं नाही, सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

तीन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. मला वाटलं, आता. आता तरी काही सुधारेल. बाराव्या दिवशी तिला नव्या फडक्यात गुंडाळून मी तिण्णैवर नेलं आणि म्हटलं, "आप्पा, घ्या नातीला."

त्यांनी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. मान पुढे केली, तिच्या कपाळाजवळ नेली. हात मात्र धोतराच्या सोग्यात घालून घट्ट दाबून धरले.

"घ्या ना आप्पा."

"नको रे," ते हळूच म्हणाले. "माझ्या हाताला तेल आहे."

हात मी ओढून बाहेर काढले. कोरडे ठणठणीत होते, बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या. तीन वर्षांत त्यांना तेलाचा थेंब लागला नव्हता. त्यांनी ते सोडवून घेतले आणि पुन्हा सोग्यात घातले. मी मुलीला आत घेऊन गेलो.