मेंडलचे शुक्रवार

मेंडल झास्लाव्हस्कीनं कॅनडातल्या विनिपेगच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं कोटांना इस्त्री केली. वाफेनं त्याची बोटं कायम सुजलेली असत. शनिवारी कामावर येणार नाही म्हटल्यामुळे त्याआधी तरुणपणी दोन ठिकाणची त्याची नोकरी गेली, पण शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ, म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंतचा ज्यूंचा विसाव्याचा पवित्र दिवस, सुरू झाला की तो घरी असे. टेबलाशी बायको बास्या, मुलगी लेआ, मुलगा झेव. पुढे सून, जावई, नातवंडंही आली. जेवणाआधी तो एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा.

तो एकसष्ट वर्षांचा असताना आमच्या वस्तीतल्या ज्यू सभागृहानं एक संगीत नाटक बसवलं. परदेशातून आलेला एक शिंपी, त्याची मुलं मोठी होऊन पांगतात, अशी गोष्ट. मी पियानोवर होते. सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गाणाऱ्या मेंडलचा आवाज ऐकून दिग्दर्शक नॉर्मन फेल्डनं त्याला बापाचं काम दिलं. पहिल्या अंकात शब्बाथचं टेबल होतं. मेंडल मुलांच्या डोक्यावर हात ठेवून गायला लागला की प्रेक्षकांत रुमाल निघायचे.

सहा रविवारी प्रयोग ठरले होते, पण गर्दी आटेना. तेव्हा फेल्ड म्हणाला, "शुक्रवारीही लावू या. लोक त्याच दिवशी बाहेर पडतात."

मला वाटलं मेंडल नकार देईल. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला आणि मग "बरं" म्हणाला.

बास्यानं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, "कारखान्यासाठी शुक्रवार सोडला नाहीस. टाळ्यांसाठी सोडलास."

"आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्यासाठी उभे राहिलेत गं."

"राहू देत. मी एकटी बसते."

सुरुवातीला ती एकटी नव्हती. मुलं यायची, पण बापाची खुर्ची रिकामी. मग झेवच्या मुलाची हॉकी शुक्रवारवर गेली. लेआ फोनवर म्हणाली, "आई, बाबा नाहीतच, तर रविवारी येऊ का?" हिवाळा संपेपर्यंत बास्या एका माणसापुरतं सूप करायला शिकली.

मेंडल थकत चालला होता. दिवसभर इस्त्री, संध्याकाळी रंगभूषा. मध्यंतरात माझ्या शेजारी बसून तो पाय चोळायचा. एकदा म्हणाला, "रेचेल, त्या नाटकातल्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवतो ना, तेव्हा वाटतं, माझी कुठे आहेत?"

"सोड मग."

"सोडून काय? ती परत येणार आहेत?"

तरी एप्रिलमध्ये त्यानं सोडलं. फेल्डनं खूप विनवलं, शेवटी बदली माणूस घेतला. मेंडलनं झेवला फोन केला, "या शुक्रवारी मी घरी आहे."

"बाबा, शुक्रवारी आता हॉकी असते. आधी कळवायचंत."

त्या शुक्रवारी टेबलाशी दोघंच होती. बास्यानं दिवे लावले, त्यानं प्रार्थना म्हटली, पाव तोडला. पाव खूपच उरला. तसे किती शुक्रवार गेले ते मला ठाऊक नाही. मेंडलनं कुणाला पुन्हा फोन केला नाही.

मुलं रविवारी दुपारी यायला लागली. एका रविवारी मीही होते. लेआची पाच वर्षांची मुलगी शिरा मेंडलपुढे डोकं वाकवून उभी राहिली. "आजोबा, नाटकात करायचात तसं करा ना."

घरातही तो तेच करायचा, हे तिला आठवतच नव्हतं. लेआनं मान खाली घातली.

"आज रविवार आहे, शिरा," बास्या म्हणाली. "ते शुक्रवारी असतं."

"शुक्रवारी मला डान्सचा क्लास असतो."

मेंडलनं बास्याकडे पाहिलं. ती भांड्यावर झाकण ठेवून ओट्याकडे वळली. मग त्यानं आपले दोन्ही जड हात पोरीच्या केसांवर ठेवले आणि हलक्या आवाजात, न गाता, आशीर्वाद म्हटला. झेवचा मुलगा मागे येऊन उभा राहिला. त्यालाही दिला.

सूप वाढेपर्यंत मेंडलला खुर्चीतच झोप लागली. बास्यानं त्याला उठवलं नाही. "जेवा तुम्ही," ती म्हणाली, "त्याचं मी गरम ठेवते."