ठिपक्यांचा उतार: धर्मापुरी ते नांदूरघाट

लेंड्या झाडून झाल्या होत्या, टँकरच्या पाण्याची घागर आत नेऊन ठेवली होती आणि मी शेळ्यांपुढे कडब्याची पेंढी सोडत होते, तेव्हा शांताबाई फोन नाचवत अंगणात आल्या. आमच्या महिला शेळीपालन सहकारी संस्थेच्या त्या अध्यक्षा.

"आक्का, उपग्रहानं काढलेला आपला डोंगर बघा. हिकडचा उतार कसा हिरवागार हाय! शेळ्या हितं सोडू. अन् त्यो दुसरा, खरूज झाल्यावानी ठिपक्या-ठिपक्याचा, त्यो जेसीबीनं साफ करून गवत पेरू. सभेत ठराव घेऊ."

दुष्काळात चारा कुठंच नव्हता. हे गेल्यापासून माझं घर शेळ्यांवरच चालतं, म्हणून घाई मलाही होती. पण आकाशातल्या चित्रांवरून जंगलातल्या झाडांचे प्रकार ओळखतात, असं मी वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं होतं. तसं काम नांदूरघाटच्या डोंगरात चाललंय, हेही कळलं होतं. सभेच्या आदल्या दिवशी निघाले.

तुम्ही जाणार असाल तर अंबाजोगाई, मग केज, तिथून नांदूरघाटची गाडी. तिकीट काढताना गावाचं नाव नीट सांगा, घाटनांदूर वेगळं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. केजच्या स्टँडवर भजी गरम मिळाली, पाणी मात्र घरूनच न्या. पूर्वी खिडकीची जागा ह्यांची असायची. या वेळी मी बसले.

या जंगलाचा अभ्यास करणाऱ्या शबाना मॅडम नांदूरघाटच्या डोंगराशी भेटल्या. त्या गेवराईच्या, वडील ट्रॅक्टरचे मिस्त्री. सोबत गावच्या कौसाबाई, त्यांच्या शेळ्यांसकट.

"झाडं बघाया इतक्या लांबून आलात व्हय?" कौसाबाई मला म्हणाल्या. "तुमच्याकडं उगवत न्हाईत का?"

शबाना मॅडमनी टॅबवरचं चित्र दाखवलं. "मावशी, यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटरचा चौकोन. प्रत्येक झाडाचं पान उजेड वेगळा परत फेकतं, त्यातला काही तर डोळ्यांना दिसतही नाही. शेजारचे चौकोन जितके वेगळे, तितके झाडांचे प्रकार जास्त असण्याचा संभव. पण पायी बघितल्याशिवाय मी काही पक्कं धरत नाही."

"मंग आभाळातून कशाला? मला इचारायचं की!"

"प्रत्येक डोंगराला एक कौसाबाई कुठून आणू?" मॅडम हसल्या.

आधी चित्रातल्या एकसारख्या हिरव्या तुकड्यात शिरलो. सगळी वेडी बाभूळ. उन्हाळ्यातही हिरवी, खाली गवताची काडी नाही. एक काटा माझ्या चपलेतून आरपार गेला. शेळ्यांनी पडलेल्या शेंगा तेवढ्या वेचल्या, पाल्याला तोंड लावलं नाही.

"बिया लेंडीतून पडत्यात," कौसाबाई म्हणाल्या. "जितं शेळी हिंडंल तितं बाभूळ."

मी जागीच थांबले. आमचा ठराव नेमका शेळ्या हिरव्यात सोडायचा होता.

मग ठिपक्यांच्या उतारावर गेलो. पळस निष्पर्ण, सालई उघडी, आपट्याला चारच पानं, करंजाला नवी पालवी, मधूनमधून हिवर, बोरी, धावडा. प्रत्येकाची पानं गळायची वेळ निराळी, म्हणून चित्र ठिपक्यांचं. शेळ्या पळसाची गळालेली फुलं खात होत्या. धावड्याच्या खोडावर डिंक आला होता. माझ्या बाळंतपणात ह्यांनी लाडवांसाठी असाच डिंक आणला होता, आमच्या त्याच उतारावरून, जो आता साफ करायचा होता. मी थोडा वेळ खोडाला हात लावून उभी राहिले.

कौसाबाईंच्या घरी येसर मसाल्याची आमटी आणि भाकरी जेवलो. निघताना मी आमच्या डोंगराचं चित्र मॅडमना दाखवलं.

"दिसतंय तर इथल्यासारखंच," त्या म्हणाल्या. "पण मी तुमच्या डोंगरावर आले नाही. तिथलं तुम्हीच बघा, मावशी."

संध्याकाळी घरी पोचले. नुसतं हिरवं दिसलं की जीव भुलतो, विशेषतः दुष्काळात, हे प्रवासातून माझ्याजवळ राहिलं. आणि एकटीनं जाता येतं, हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेळ्या सोडल्या आणि शांताबाईंना बरोबर घेऊन दोन्ही उतार चढले. हिरव्यात नुसती वेडी बाभूळ, ठिपक्यांत पळस, सालई, धावडा. दुपारी सभेला गेले आणि जेसीबीच्या ठरावाविरुद्ध हात वर केला.